जहाज आलं नाही तर

१ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘एल फारो’ हे अमेरिकी मालवाहू जहाज बहामा बेटांजवळ चक्रीवादळात सापडून बुडालं. जहाजावरचे तेहतीसही जण गेले. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून ते पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनकडे निघालं होतं. जहाजाचं वय चाळीस वर्षं. एवढं जुनं जहाज त्या मार्गावर का चालत होतं, याचं एक उत्तर १९२० सालच्या कायद्यात सापडतं. अमेरिकेच्या दोन बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकेतच बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि बहुतांशी अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजांनीच करावी, असं तो कायदा सांगतो. तिथे नवं जहाज बांधणं अतिशय महाग, म्हणून जुनी जहाजं चालवत राहायची. आणि पोर्तो रिकोतल्या घरांत शिजणाऱ्या अन्नाचा मोठा भाग याच वाटेनं येतो.

बारा महिने ऊन, मुबलक पाऊस, डोंगर, नद्या. काठी रोवली तरी पालवी फुटावी अशी ही जमीन, आणि इथले लोक जे खातात त्यातलं सुमारे ८५ टक्के बाहेरून आणलेलं असतं. या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात हा आकडा भेटतो, आणि पुन्हा पुन्हा भेटल्यामुळे तो बोथटही झाला आहे. मला त्या आकड्यामागचा क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. आधी काय गेलं, त्याच्या जागी काय आलं आणि या उलथापालथीत कोणी काय धरून ठेवलं. तुमच्या हातातलं पुस्तक या तिसऱ्या प्रश्नाभोवती उभं आहे. धरून ठेवणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि आज त्यातल्या कितीतरी जणी नुसतं धरून ठेवण्यापुरत्या थांबलेल्या नाहीत. त्या मागणी करताहेत, कोर्टात जाताहेत, शाळा चालवताहेत, जमीन मागताहेत.

नव्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. अन्नसुरक्षेची भाषा सरकारांना सोयीची असते. लोकांच्या पोटात पुरेसे उष्मांक जातात ना, एवढंच ती विचारते. धान्य कुठून आलं, कोणी पिकवलं, भाव कोणी ठरवला, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचे. अन्नसार्वभौमत्वाची मागणी पुढे आली ती नेमकी हे प्रश्न विचारण्यासाठी. ‘व्हिया कांपेसिना’ ही लहान शेतकरी, भूमिहीन आणि शेतमजुरांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय चळवळ १९९३ मध्ये उभी राहिली. १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या त्लाश्काला इथल्या परिषदेत आणि त्याच वर्षी रोमच्या जागतिक अन्नपरिषदेच्या वेळी तिने ही मागणी जगासमोर मांडली : काय पिकवायचं, काय खायचं आणि त्यासाठी जमीन, पाणी, बियाणं कोणाच्या हाती असायचं, हे ठरवण्याचा हक्क पिकवणाऱ्यांचा आणि खाणाऱ्यांचा. जागतिक व्यापार संघटना नुकतीच स्थापन झालेली, शेतीला खुल्या व्यापाराच्या चौकटीत ओढण्याचे ते दिवस होते. मागणीचा रोख त्या दिशेला होता.

फेब्रुवारी २००७ मध्ये मालीतल्या सेलिंगे इथे ८० हून अधिक देशांतले पाचशेवर प्रतिनिधी जमले आणि या मागणीला तिचा जाहीरनामा मिळाला. त्या मेळाव्याला न्येलेनीचं नाव दिलं होतं. न्येलेनी ही मालीच्या लोककथेतली शेतकरी स्त्री, शेतीत पुरुषांना मागे टाकणारी. मेळाव्याच्या आयोजकांत जागतिक महिला मोर्चाही होता आणि स्त्रियांची वेगळी बैठक आधी भरली होती. हे आपोआप झालं नाही. शेतकरी संघटनांमधल्या बायकांना आपल्याच पुरुष नेत्यांशी बरीच वर्षं भांडावं लागलं, तेव्हा कुठे व्यासपीठावर निम्म्या जागा मिळाल्या. हा मंच तिसऱ्यांदा भरला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, श्रीलंकेतल्या कँडीत, म्हणजे एका बेटावर.

तरीही या चळवळीच्या साहित्यात ‘देश’ गृहीत धरलेला असतो. आयात शुल्क लावा, सरकारी खरेदी करा, बियाण्यांचा कायदा बदला, हे सगळं सार्वभौम सरकारला सांगण्यासारखं आहे. ज्या बेटाचा झेंडाच दुसऱ्या राजधानीत ठरतो, तिथल्या बाईने हे कोणाला सांगायचं? या पुस्तकाचं वेगळेपण मला इथे दिसतं. पोर्तो रिको, ग्वाम, ग्वादेलूप, मार्टिनिक ही स्वतंत्र राष्ट्रं नाहीत. हवाई आज अमेरिकेचं राज्य आहे, पण त्याची कहाणी याच रांगेत बसते. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकी नागरिकत्व आहे, पण बेटावर राहून ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत आणि काँग्रेसमधल्या त्यांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. ग्वादेलूप आणि मार्टिनिक हे १९४६ पासून फ्रान्सचे अधिकृत विभाग आहेत, तिथे युरो चालतो. कागदावर ही बेटं श्रीमंत देशांचा भाग आहेत. म्हणून भुकेच्या जागतिक नकाशावर ती दिसतच नाहीत. न दिसणं हा त्यांच्या अडचणीचा मोठा हिस्सा आहे.

१८९८ हे साल लक्षात ठेवावं. त्या एका वर्षात स्पेनकडून पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे गेले, आणि हवाईही अमेरिकेने आपल्यात सामील करून घेतलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९९ मध्ये, सान सिरियाको चक्रीवादळाने पोर्तो रिकोत तीन हजारांवर माणसं मारली आणि डोंगरातली कॉफी झोपवली. नव्या सत्तेने मदतीचं धान्य वाटलं ते बऱ्याच ठिकाणी मळेवाल्यांच्या हातून, आणि मळेवाल्यांनी त्याबदल्यात काम करून घेतलं. अन्न कोणाच्या हातून येतं यावर कोण कोणाचं ऐकतं हे ठरतं, याचा हा पहिला धडा. त्याच पडझडीतून १९०० आणि १९०१ मध्ये पाच हजारांवर पोर्तोरिकन पुरुष, बायका, मुलं हवाईच्या उसाच्या मळ्यांत कामाला नेण्यात आली. दोन महासागरांतली दोन बेटं अशी उसाने जोडली गेली. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांना हे अर्थशास्त्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

१९०० साली अमेरिकी काँग्रेसने ठरवलं होतं की पोर्तो रिकोत कोणत्याही कंपनीला ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन ठेवता येणार नाही. चार दशकं हा नियम कागदावर राहिला आणि साखर कंपन्यांनी किनारपट्टीची सपाट जमीन गिळली. १९४१ मध्ये जमीन कायदा आला, काही मळे सरकारने घेतले, भूमिहीन कुटुंबांना घरापुरती आणि परसापुरती ‘पार्सेला’ मिळाली. पण त्यानंतर लगेचच दिशा बदलली. १९४७ च्या सुमारास सुरू झालेल्या औद्योगिकीकरणाच्या मोहिमेत अमेरिकी कारखान्यांना करमाफी देऊन बोलावण्यात आलं. शेती हा मागासलेपणाचा अवशेष ठरला. कारखान्यात मजुरी मिळवायची आणि जहाजातून आलेलं अन्न विकत घ्यायचं, हा विकास. जे कारखान्यात मावले नाहीत ते न्यूयॉर्कला गेले. एकट्या १९५० च्या दशकात चार लाखांहून अधिक.

याच नियोजनाचं आणखी एक पान आहे, आणि ते सहसा शेतीच्या इतिहासात सापडत नाही. बेटावर माणसंच जास्त झाली आहेत, असा तेव्हाच्या नियोजकांचा सिद्धान्त होता. १९३७ मध्ये नसबंदीला कायद्याने वाट करून दिली गेली. १९६५ च्या पाहणीत २० ते ४९ वयाच्या विवाहित मातांपैकी साधारण एक तृतीयांश जणींची नसबंदी झालेली आढळली. आना मारिया गार्सिया यांच्या १९८२ च्या ‘ला ओपेरासिओन’ या माहितीपटाने ही गोष्ट जगासमोर आणली. जमीन आणि बाईचं शरीर, दोन्हींचं ‘उत्पादन’ किती असावं हे एकाच कार्यालयातून ठरत होतं, असं म्हटलं तर ते अतिशयोक्त होईल. पण दोन्ही निर्णयांमागचा विचार एक होता : या बेटाचं आपल्या बळावर पोट भरणार नाही. अन्नाच्या चळवळीत शिरलेल्या आजच्या पोर्तोरिकन तरुणी शरीराच्या हक्काची आणि जमिनीच्या हक्काची भाषा एका दमात बोलतात, तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो.

या परंपरेची मुळं बरीच मागे, लुइसा कापेतियोपर्यंत नेता येतात. १८७९ मध्ये आरेसिबोला जन्मलेली ही बाई तंबाखूच्या कारखान्यांत कामगारांना पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम करत असे. १९०५ मध्ये आरेसिबोच्या शेतमजुरांच्या संपात ती पुढे होती. पुढे न्यूयॉर्कला तिने शाकाहारी खाणावळ चालवली. १९१५ मध्ये हवानात पँट घातली म्हणून तिला अटक झाली होती, आणि लोकांना तिची आठवण बहुधा तेवढीच असते. मजुरी, अन्न आणि बाईचं स्वातंत्र्य हे तिच्या लेखी एकच काम होतं, याकडे फारसं कोणी पाहत नाही.

आता आजच्या चळवळीकडे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘ऑर्गानिसासिओन बोरिकुआ’ ही शेतकऱ्यांची संघटना तिचा कणा म्हणावी. रसायनांशिवाय, स्थानिक बियाण्यांवर, शेजाऱ्यांच्या श्रमाने शेती करायची आणि शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवायचं, ही तिची पद्धत. एकाच्या शेतावर सगळ्यांनी जमून काम करायच्या ‘ब्रिगाडा’ हे तिचं मुख्य हत्यार. कोकणात लावणीच्या वेळी एकमेकांच्या शेतावर जाण्याची जी रीत होती, तिच्याशी हे जुळतं. फरक इतकाच की ब्रिगाडानंतर जेवणाइतकीच राजकारणावरची चर्चाही अपेक्षित असते. २०१८ मध्ये या संघटनेला अमेरिकेतल्या अन्नसार्वभौमत्व आघाडीचा पुरस्कार मिळाला. तिच्या जुन्या आवाजांपैकी एक माघा गार्सिया. पश्चिमेकडच्या मायाग्वेझजवळ त्या शेती करतात आणि बियाणे कंपन्यांविरुद्धच्या मोहिमेत वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. हे बेट मका आणि सोयाबीनच्या जनुकीय बियाण्यांच्या प्रयोगांचं मोठं केंद्र बनलं होतं. पोर्तो रिकोच्या घटनेतही ५०० एकरांची मर्यादा असताना कंपन्यांच्या ताब्यात त्याहून अधिक जमीन कशी, हा त्या मोहिमेचा साधा पण अडचणीचा प्रश्न होता.

दुसरी वाट शाळेची. ओरोकोविस या डोंगरी गावातल्या सरकारी शाळेत दाल्मा कार्ताहेना यांनी बरीच वर्षं मुलांना शेती शिकवली. पाठ्यक्रमाच्या कडेला टाकलेला विषय म्हणून नव्हे, रोजचा तास म्हणून. तिसरी-चौथीतली पोरं कंपोस्ट करत, बी राखत, मातीचं बोलत. नेओमी क्लाइन यांच्या २०१८ च्या पोर्तो रिकोवरच्या छोट्या पुस्तकात या शाळेचं वर्णन आलं आणि ती बाहेर माहीत झाली. त्याच वर्षी काटकसरीच्या नावाखाली बेटावरच्या अडीचशेहून अधिक सरकारी शाळा बंद झाल्या. बेटावरचं कर्ज फेडण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने २०१६ मध्ये नेमलेलं वित्तीय मंडळ तेव्हा खर्चाला कात्री लावत होतं. एका शिक्षिकेची शेती आणि वॉशिंग्टनने नेमलेलं मंडळ यांचा संबंध असा थेट येतो.

तिसरी वाट बाजाराची. तारा रॉड्रिगेझ बेसोसा यांनी २०१० मध्ये सान हुआनला ‘एल देपार्तामेंतो दे ला कोमिदा’ सुरू केलं. नाव सरकारी खात्यासारखं, हेतुपुरस्सर थट्टेचं : अन्नाचं खातं सरकारकडे नाही, तर आपणच काढू. लहान शेतकऱ्यांचा माल गोळा करून शहरात पोचवायचा, त्याचं जेवण बनवून विकायचं. २०१७ च्या वादळात ते केंद्र उद्ध्वस्त झालं. त्यानंतर ते काग्वासच्या डोंगरात बियाणं, अवजारं आणि माहिती उसनी देणारं केंद्र बनलं. स्त्रियांइतकंच समलिंगी आणि लिंगभावाच्या ठरावीक चौकटीत न बसणाऱ्या तरुणांनी हे काम उभं केलं आहे. ‘स्त्रियांची चळवळ’ हा शब्द इथे थोडा सैल धरावा लागतो.

२० सप्टेंबर २०१७ रोजी आलेलं मारिया वादळ या सगळ्याची कसोटी होती. बेटाच्या शेतमालाच्या मूल्याचा सुमारे ८० टक्के भाग एका दिवसात गेला. नंतरच्या अभ्यासात जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज २,९७५ पर्यंत गेला. १९२० चा जहाज कायदा फक्त दहा दिवसांपुरता बाजूला ठेवण्यात आला. मदतीच्या काही खोक्यांत चॉकलेट-गोळ्या, चिप्स आणि डबाबंद सॉसेज निघाले. बेटावरचे साधारण चाळीस टक्के लोक सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून, पण मुख्य भूमीवर गरजेनुसार वाढणारी ही मदत पोर्तो रिकोसाठी १९८२ पासून ठरावीक रकमेत बांधलेली आहे. संकट कितीही मोठं असलं तरी रक्कम आपोआप वाढत नाही. रस्ते बंद, वीज महिनोन् महिने नाही. अशा वेळी गावोगावच्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी आणि ब्रिगाडांनी पहिली मदत केली. केळीची झाडं आडवी पडली होती, पण जमिनीखालची कंदमुळं शाबूत होती. हे जुन्या बायकांना माहीत होतं. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन तरुणांनी भाज्या बरण्यांत टिकवून बेटावर पाठवल्या.

व्हिएकेसबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत. पोर्तो रिकोच्या पूर्वेचं हे लहान बेट. १९४० च्या दशकात अमेरिकी नौदलाने त्याची बहुतेक जमीन घेतली आणि साठ वर्षं तिथे बाँबफेकीचा सराव केला. १९९९ मध्ये एका बाँबने स्थानिक पहारेकरी मारला गेला, त्यानंतरच्या आंदोलनात व्हिएकेसच्या स्त्रियांची आघाडी अग्रभागी होती. १ मे २००३ रोजी नौदल गेलं. पण जमीन परत शेतीकडे आली नाही. मोठा भाग वन्यजीव अभयारण्य म्हणून केंद्र सरकारकडेच राहिला आणि न फुटलेले बाँब अजून काढले जात आहेत. इथे अन्न दोनदा समुद्र ओलांडून येतं : आधी सान हुआनला, मग फेरीने. फेरी बिघडली की दुकानं रिकामी. ‘ला कोल्मेना सिमारोना’ हा गट आणि त्यातल्या आना एलिसा पेरेझ किंतेरो मधमाश्या, भाजी आणि तरुणांचं शिक्षण यांची सांगड घालत आहेत. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत टोकदार भाग हाच.

आता बाकीच्या बेटांकडे, थोडं घाईने. हवाईची धारा मूळ रहिवाशांच्या हक्काची आहे. १८९७ मध्ये अमेरिकेत सामील होण्याविरुद्ध एकवीस हजारांवर सह्या गोळा झाल्या आणि त्यासाठी एमा नावाही आणि अॅबिगेल कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखालची स्त्रियांची संघटना बेटाबेटांवर फिरली. त्या सह्यांनी तेव्हा करार अडला, बेटं मात्र वाचली नाहीत. त्यानंतरचा झगडा पाण्याचा. पूर्व माउईच्या ओढ्यांचं पाणी १८७० च्या दशकापासून साखर कंपनीच्या कालव्यांत वळवलं जात होतं आणि खाली अळूची पाणथळ शेतं कोरडी पडत होती. २००१ मध्ये तिथल्या अळू-शेतकऱ्यांनी राज्याच्या जल आयोगाकडे ओढ्यांसाठी याचिका केली. त्या याचिकाकर्त्यांत बिएट्रिस केकाहुना आणि मार्जोरी वॉलेट या दोघी होत्या. निकाल लागला जून २०१८ मध्ये. आयोगाने अनेक ओढ्यांचं पाणी सोडायला सांगितलं. तोवर साखर कंपनीच २०१६ मध्ये बंद झालेली. सतरा वर्षं. एका पिढीची शेती त्यात गेली. ग्वामची अडचण आणखी वेगळी : बेटाची पावभागाहून अधिक जमीन सैन्याकडे.

फ्रेंच बेटांची धारा आरोग्याची, आणि ती वाचताना मन सुन्न होतं. ग्वादेलूप आणि मार्टिनिकच्या केळीच्या मळ्यांत १९७२ पासून क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. अमेरिकेत ते सत्तरच्या दशकातच बंद झालं, फ्रान्समध्ये १९९० मध्ये; पण या बेटांना सवलत म्हणून १९९३ पर्यंत वापरू दिलं. आज तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. ग्वादेलूपमध्ये गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा ‘तिमून’ नावाचा अभ्यास २००४ पासून झाला आणि त्यात अकाली प्रसूतीशी त्याचा संबंध दिसला. हे विष जमिनीत शतकानुशतकं राहू शकतं आणि कंदमुळांत शिरतं. इथेच खरी कोंडी आहे. गुलामीच्या काळापासून बायकांनी घरामागे जपलेली क्रिओल बाग, याम, रताळी, अळू, ही स्वावलंबनाची सगळ्यात जुनी जागा, तीच संशयास्पद झाली. स्वतःचं पिकवा, हे वाक्य तिथे मातीची तपासणी केल्याशिवाय बोलता येत नाही. २००६ मध्ये सुरू झालेली फौजदारी तक्रार जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांनी खटला न चालवता बंद केली. २००९ साली महागाईविरुद्ध ग्वादेलूपमध्ये ४४ दिवसांचा संप झाला होता. सुपरमार्केटं बंद असताना लोक गावच्या भाजीवालीकडे वळले. तो अनुभव अनेकांना संपाच्या मागण्यांपेक्षा जास्त काळ पुरला. आणि जाता जाता : तिथल्या स्वयंपाकिणींची परस्पर मदतसंस्था १९१६ पासून चालत आली आहे, आणि दर ऑगस्टला त्यांची मिरवणूक निघते. पर्यटक तिचे फोटो काढतात. ती मुळात आजारपण आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी उभी राहिलेली कामगार संस्था आहे, हे फोटोत दिसत नाही.

मग प्रश्न उरतो : बायकाच का? सोपं उत्तर तयार असतं. बाई म्हणजे माती, बाई म्हणजे पोषण, बाई म्हणजे बीज. मला हे उत्तर घातक वाटतं. ते बाईचं बिनपगारी काम स्वभावात जमा करतं आणि हिशोबातून काढून टाकतं. खरं कारण साधं, भौतिक आहे. मळ्याने सपाट जमीन घेतली, कारखान्याने आणि स्थलांतराने पुरुष नेले, आणि ज्या जागा कोणालाच मौल्यवान वाटल्या नाहीत, परस, शाळा, स्वयंपाकघर, आठवडी बाजार, त्या बायकांकडे उरल्या. पुढे जहाजं अडली तेव्हा कळलं की बियाणं आणि ज्ञान त्याच जागांत आहे. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंना २०२० चा पद्मश्री मिळाला, आनंद झाला. पण ‘बीजमाता’ म्हणून हार घालताना बियाण्यांच्या कायद्याबद्दल आणि शेतकरी बाईच्या सातबाऱ्याबद्दल आपण किती बोललो? या पुस्तकातल्या बायका हार नाकारतात असं नाही, पण सातबारा आधी मागतात.

चळवळीतल्या मतभेदांवरही पुस्तक पांघरूण घालत नाही. एक बाजू म्हणते, आयात कमी करायची तर आधुनिक शेती, काचघरं, खासगी गुंतवणूक हवी. राज्यकर्त्यांना हेच आवडतं. दुसरी म्हणते, तेच मळे नव्या काचेखाली येतील. तिसरा आवाज तरुण शेतकरणींचा : तत्त्व ठीक, पण भाडेपट्टा पाच वर्षांचा असेल तर फळझाड कसं लावू? आणि बाहेरच्यांचा रोकडा प्रश्न : बत्तीस लाखांच्या आसपास माणसांना ब्रिगाडा जेवू घालतील? आज तरी नाही. पोर्तो रिकोतली शेतं २०१२ मध्ये तेरा हजारांवर होती, मारियानंतरच्या गणनेत ती आठ हजारांच्या आसपास उतरली. २०२२ च्या फिओना वादळाने केळीचं पीक पुन्हा झोपवलं. या आकड्यांसमोर मोठी स्वप्नं छोटी दिसतात. पुस्तकातल्या बायका याचं उत्तर घोषणेने देत नाहीत, हे मला आवडलं. पण काही लेखांत यशोगाथेचा सूर जरा चढतो, हेही सांगायला हवं.

मराठी वाचकाला हे लांबचं वाटणार नाही, कारण ताटातले पदार्थ ओळखीचे आहेत. हवाईत ज्यासाठी कोर्ट गाठलं तो आपला अळू. पोर्तो रिकोच्या सणाच्या भाताला लागते ती तूर. भारतातून आफ्रिकेमार्गे ती तिकडे पोचली. तिथल्या मूळ ताईनो लोकांची रोजची भाकरी ज्या कसाव्याची, त्यापासून आपला साबुदाणा होतो. कोकण-गोव्यातही मिळणारा नीरफणस १७९३ मध्ये ब्रिटिश कॅप्टन ब्लायने कॅरिबियनमध्ये नेला, गुलामांना स्वस्तात जेवू घालायला.

आणि आपल्याकडेही झेंडा एक, निर्णय दुसरीकडे, अशी बेटं आहेत. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांवर किराणा कोची, बेपोर, मंगळुरूहून जहाजाने येतो. २०२१ मध्ये प्रशासनाने शाळेच्या जेवणातून मांस काढलं आणि सरकारी दूधशाळा बंद करायचं ठरवलं. त्या वर्षीच्या ७ जूनला बेटवासीयांनी प्रशासनाच्या धोरणांविरुद्ध बारा तासांचं उपोषण केलं. जेवणाच्या आणि दूधशाळेच्या निर्णयांना केरळ उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न आहे म्हणून हस्तक्षेप नाकारला. मुलांनी काय खायचं हे बेटाबाहेर ठरलं. मिनिकॉयमध्ये घराची सूत्रं आईकडून मुलीकडे जातात आणि पुरुषांनी गळाने पकडलेल्या ट्यूनाचं वाळवून टिकाऊ अन्न करणं हे तिथल्या बायकांचं जुनं कौशल्य आहे. त्यांच्याशी कोणी याबद्दल बोललं आहे का?

हे पुस्तक बोललेलं नाही. त्याची मर्यादा कॅरिबियन आणि प्रशांत महासागरापर्यंतच आहे. ते अभ्यासकांच्या निबंधांपेक्षा मुलाखतींवर अधिक भर देतं, इतिहास लागेल तेवढाच सांगतं आणि शेवटी तोडगा देत नाही. ज्यांना इतिहास आधी हवा त्यांनी पोर्तो रिकोचा भाग प्रथम वाचावा. ज्यांना कायद्याची लढाई समजून घ्यायची आहे त्यांनी माउई आणि ग्वादेलूपपासून सुरुवात केली तरी चालेल. आणि मराठीत पत्रकारिता, समाजशास्त्र किंवा शेतीचा अभ्यास करणाऱ्या तरुणींपैकी कोणी लक्षद्वीपला किंवा अंदमानला जाऊन तिथल्या बायकांचं म्हणणं लिहून काढणार असेल, तर प्रकाशकांनी तिच्या प्रवासखर्चाची जबाबदारी घ्यावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.